एक दिवसाआड

आमच्या बेटावर मेंढ्या कुंपणाबाहेर असतात.
बेटाभोवती दगडी बांध: आत गवत, बाहेर खडक,
आणि खडकांवर
समुद्री शेवाळ खाऊन जगणारा कळप.
वादळ येतं, दगड सांडतात, मी रचते.
बावीस वर्षं हेच. चुना नाही, माती नाही,
दगडाला दगडाचं वजन, बस.

म्हणून ॲबर्डीनच्या इस्पितळात डॉक्टर ओकोरीने
कागदावर चित्र काढलं तेव्हा मला वेळ लागला नाही:
मज्जातंतूंवरचं वेष्टण,
त्यावर चालून आलेली माझीच राखण.
कुंपणच शेत खातंय, मी म्हटलं.
"तसंच काहीसं," ती म्हणाली.

नोव्हेंबरात उजवा पाय गेला.
गेला म्हणजे होता, बुटात होता,
पण शेजाऱ्याचा वाटावा असा.
मग कमरेभोवती पट्टा,
कुणीतरी रोज एक भोक पुढे आवळलेला.
थंड पाणी पोळायला लागलं.

स्टेरॉइड, पाच दिवस, शिरेतून.
तोंडात जुन्या नाण्याची चव, रात्रभर टक्क जागी;
छताचे चौकोन चार वेळा मोजले,
चार वेळा वेगळे आले.
आधी दोनदा याच औषधाने
आठवड्यात उभी केली होती मला.
या वेळी ते पाहुण्यासारखं आलं
आणि चहा पिऊन गेलं.
पुन्हा पाच दिवस. पुन्हा चहा.

"आता रक्त धुऊ," ओकोरी म्हणाली,
मग स्वतःलाच अडवलं: "धुऊ नाही. गाळू. छे, तेही नाही."
डॉक्टरला शब्द सापडत नाही, हे मला आवडलं.
मानेत नळी, कपाटाएवढं यंत्र.
रक्त बाहेर येतं, गरगर फिरतं,
लाल खाली बसतं, वर निवळी;
निवळी टाकून द्यायची, लाल परत,
आणि रिकाम्या जागी
हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातलं काही.
सहा फेऱ्या. एक दिवसाआड.
"चालेल?" मी विचारलं,
आणि उपायाबद्दल विचारलं की पायाबद्दल
ते माझं मलाच कळलं नाही.
"काहींचं चालतं," ती म्हणाली. "उशीर मात्र नको."

पहिल्या फेरीत ओठांना मुंग्या आल्या.
मॉर्व्हन नावाची नर्स धावली: कॅल्शियम उतरलंय,
मेरन, लगेच सांगायचं असतं!
मी हसत होते. महिन्याभरात
काहीतरी नवं जाणवलं होतं, तेही ओठांत.

पिशवी भरत गेली, भिजल्या पेंढ्याच्या रंगाची.
भाऊ एरलंड विमानाने आलेला, अंगाला मेंढ्यांचा वास;
म्हणाला, "यात तुझा राग पण गेला असेल का?"
"कांजिण्या नक्की गेल्या," मी म्हटलं.
थट्टा नव्हती. आठव्या वर्षी
कांजिण्यांशी झुंजलेले माझे शिपाई
याच पिवळ्यात होते.
यंत्राला घरचा आणि घरभेदी निराळा करता येत नाही.
सुक्याबरोबर ओलंही.

दुसरी फेरी: काही नाही.
तिसरी: हुडहुडी, दोन ब्लँकेटं, काही नाही.
मॉर्व्हन रोज सकाळी डोळे मिटायला लावून
अंगठ्याला पिन टोचायची.
"कळलं?"
एकदा मी खोटंच हो म्हटलं.
"अजून टोचलीच नाही गं," ती म्हणाली,
आणि दोघीही गप्प.

चौथीच्या दिवशी एरलंडचा फोन, बेटावरून:
उत्तरेचा बांध पडलाय, चाळीस पावलं.
मेंढ्या आत, गवतात.
शेवाळावर पोसलेल्या पोटाला ते बाधतं.
"मला तुझ्यासारखा सरळ नाही जमणार."
"वाकडा रच," मी म्हटलं. "पण रच."

पाचवी झाली त्या रात्री
उजव्या गुडघ्यामागे, आतल्या अंगाला,
खाज सुटली.
लोकरीचं कुसळ लागावं एवढीच.
घंटी हाताशी होती. दाबली नाही.
खाजवलंही नाही.
खाजवायला जावं आणि नसेलच तर?
तशीच राहू दिली पहाटेपर्यंत,
अंधारात, टक्क जागी,
तिची राखण करत.